माळावर न चढलेलं पाणी

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत आहे असा तिचा समज आहे. मोबाईलचा पासवर्ड माहीत आहे, पित्त कशानं उठतं ते माहीत आहे, भांडण झालं की किती वेळ अबोला धरतो तेही माहीत आहे. हे माहीत नाही. आईला सांगितलं नाही. मित्रांबरोबर पिऊन बसलो तेव्हाही सांगितलं नाही — आणि पिल्यावर मी काय काय बरळतो ते त्यांना विचारा. एवढं एक मात्र दातांच्या आत राहिलं. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

मी नगरला मोटार ड्रायव्हिंग शिकवतो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडाला नगरच बसलंय. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून लोकांवर खेकसायचं, हे माझं काम. क्लच सोडा, आरसा बघा, आरसा काय भांग पाडायला दिलाय का? स्वभाव तापट आहे, कबूल. पण कॉलेजची पोरं शिकायला आली की मी त्यांना एक गोष्ट हमखास ऐकवतो. दहावीच्या सुट्टीत मी गावाचं पाणी सोडायचो, असं सांगतो. सगळं गाव माझ्या हातावर होतं, त्या उन्हाळ्यानं मला जबाबदारी शिकवली, वेळ पाळायला शिकवलं — आणि तुम्ही नुसते मोबाईल घासत बसता. पोरं ऐकून घेतात. एकदा एका पोरीनं विचारलं, "सर, तेव्हा काही चुकलं नाही का तुमच्याकडून?" अगदी सहज विचारलं तिनं. मी म्हणालो, "गिअर बदला."

त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. पोटात दुखतंय म्हणालो.

तर ते पाणी. आमचं गाव जामखेडच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही. कोरडा मुलूख. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला निघतं — बेलापूर, देवळाली प्रवरा, त्या हिरव्या अंगाला. कारखाने बंद झाले की उन्हाळ्यात काळंठिक्कर होऊन परत येतं. आमच्या घरी जमीन होती, विहीर होती, आम्हाला कधी कोयता धरावा लागला नाही. जे जायचे ते गावाच्या वरच्या अंगाला, माळावरच्या वस्तीत राहायचे. गावात घरोघर नळ होते. माळावर सगळ्यांत मिळून एकच नळ, उघड्यावर, बाभळीखाली.

पाणी सोडायचं काम नामाआबाचं. म्हातारा माणूस, वर्षानुवर्षं तेच करत आलेला. त्या उन्हाळ्यात तो कोणाच्या तरी मोटारसायकलवरून पडला आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. माझे चुलते पंचायतीत मेंबर होते. ते म्हणाले, पोरगं घरी नुसतं लोळतंय, द्या चावी त्याच्या हातात. चावी म्हणजे तुमच्या डोळ्यापुढं आली ती नव्हे. कमरेएवढा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. तो खड्ड्यातल्या वॉलवर, म्हणजे पाईपाच्या व्हॉल्व्हवर, बसवायचा आणि दोन्ही हातांनी फिरवायचा.

काय मिजास होती माझी! ती चावी खांद्यावर टाकून मी गावातून चालायचो तेव्हा मिसरूड फुटलं नव्हतं नीट, पण जिनं मला कधी ढुंकून पाहिलं नाही अशी बाई सुद्धा दारात थांबून विचारायची, "आज कधी सोडतू रं बाबा पानी?" लोक हाक मारून चहा पाजायचे. मी मुद्दाम उत्तर द्यायला वेळ लावायचो. बघू म्हणायचो. माझ्या बघू म्हणण्यावर घरं अडून राहतात हे कळल्यावर माणसाला काय होतं, ते मी त्या वयात चाखलं. आणि आवडलं मला, खोटं कशाला बोलू.

आबानं खाटेवर पडून मला काम शिकवलं होतं. फार काही नव्हतंच. टाकीखाली दोन वॉल. एक गावाचा, एक माळाचा. गाव उताराला, माळ चढाला. माळाची पाळी आठवड्यातून एकदा, दुपारची. त्या वेळी गावाचा वॉल आधी पुरता बंद करायचा आणि मगच माळाचा उघडायचा. गावाचा थोडा जरी उघडा राहिला तरी सगळं पाणी उताराला पळतं, माळावर चढतच नाही, तिथल्या नळातून नुसती हवा फुसफुसते. "पानी लई आळशी," आबा म्हणाला होता. "खाली वाट दिसली की ते वर कशाला जाईल? आधी गावाचा बंद. इसरू नको."

विसरलो नाही मी. विसरलो असतो तर आज इथं बसून हे लिहीत नसतो.

आता लग्नाचं सांगायला हवं — नाही, थांबा. आधी सोनीचं. मी हे नेहमी असंच करतो, मनातल्या मनात सांगताना सुद्धा लग्नावर उडी मारतो, म्हणजे ती मध्ये यायला नको.

सोनी ही माळावरच्या कौसाकाकूची मुलगी. आईबापाबरोबर उसाच्या फडात जायची म्हणून शाळा अर्धीमुर्धी. पण पोरगी तल्लख. तीन भावंडांत मोठी, दहा-अकरा वर्षांची. मी पाण्याचा जोर बघायला माळावर गेलो की मागंमागं यायची. "दादा, मला धरू दे की चावी." मी द्यायचो नाही. मुलीबाळींचं काम नाही हे, असं म्हणायचो, शहाणा मोठा. एकदा दिली. तिला ती उचलेचना, आणि ती स्वतःलाच इतकी हसली की मलाही हसू आलं. केस उन्हानं पिंगट झालेले. एवढंच आठवतं मला तिचं. एवढं तरी नीट आठवू दे म्हणून मी कधीकधी गाडी बाजूला लावून डोळे मिटून बसतो, आणि चेहरा येत नाही.

बरं. लग्न.

गावातल्या एका बड्या घरात लग्न होतं. चूलबंद आवतण — म्हणजे सगळ्या गावानं त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मांडवात जेवायचं. माळावरच्यांनाही आवतण होतं. आणि नेमकी तीच माळाची पाळी. वस्तीतल्या बायकांनी काय केलं, सगळ्यांचे हंडे-कळश्या नळापाशी रांगेनं लावून ठेवल्या आणि कौसाकाकूला सांगितलं, पाणी आलं की भर बाई सगळ्यांचं. कारण काकू लग्नाला जाणार नव्हती. तिला ताप होता. नवऱ्याला आणि धाकट्या दोघांना तिनं जेवायला पाठवलं होतं. सोनी मागं राहिली, आईच्या मदतीला.

आणि मी? मी दुपारी टाकीपाशी गेलो. गावाचा वॉल बंद करायला चावी लावली. मांडवातला स्पीकर तिथपर्यंत ऐकू येत होता. जेवणाच्या पंगती बसत होत्या, मांडवामागं नळाला पाईप लावून पिंपं भरणं चालू होतं, हात धुवायचं, भांड्यांचं, सगळं पाणी त्या नळावर. लग्नघरच्या अण्णांनी मला सकाळीच सांगितलं होतं, आज पाणी तुटता कामा नये, पाव्हण्यांत लाज जाईल. मोठ्या माणसाचा शब्द, मी लहान, कसा मोडणार—

खोटं आहे हे.

बघा, इथं सुद्धा. तुम्हाला सगळं खरं सांगायला बसलो आणि इथं सुद्धा आलंच. अण्णा मला काही म्हणाले नव्हते. कोणीच काही म्हणालं नव्हतं. त्यांची पिंपं सकाळीच भरलेली होती, जरा वेळ नळ बंद झाला असता तर कोणाचं काही अडलं नसतं. मीच आदल्या दिवशी आपण होऊन त्यांच्या ओसरीवर गेलो होतो आणि म्हणालो होतो, "आन्ना, काळजी करू नका, उद्या दिवसभर पानी चालू ठेवतो." ते खूश झाले, म्हणाले, "शाबास, मग उद्या तुला फेटा बांधतो मांडवात." एवढंच. एका फेट्यासाठी.

तुमच्याकडं असतो की नाही ठाऊक नाही, आमच्याकडं लग्नात सत्कार असतो. अक्षता पडायच्या आधी माईकवर एकेकाचं नाव पुकारतात — अमुक गावचे सरपंच, तमुक संस्थेचे संचालक — आणि त्यांना फेटा बांधतात, टॉवेल-टोपी देतात. नवरानवरी घामानं निथळत उभी, आणि नावं काही संपत नाहीत. आपण सगळे त्याला हसतो. पण त्या नावांत आपलं नाव येणार म्हटल्यावर हसू येत नाही, सांगतो. मी रात्रभर झोपलो नव्हतो. माईकवर माझं नाव येणार, दहावीच्या वर्गातली पोरं-पोरी मांडवात असणार.

म्हणून मी चावी गावाच्या वॉलवरून काढली आणि माळाच्या वॉलला लावली. तो उघडला. गावाचा तसाच ठेवला. मला माहीत होतं पाणी चढणार नाही. मनाची समजूत काय घातली — की उघडला तर आहे, थोडंफार जाईल. सत्कार झाला की येऊन गावाचा बंद करू. आणि पळालो मांडवाकडं.

नाव आलं. लवकर नाही आलं. मी स्टेजच्या बाजूला उन्हात ताटकळत उभा, पुढच्या गावांचे पाव्हणे, त्यांचे पाव्हणे, आणि मग एकदम, "आपल्या गावाची तहान भागवणारे तरुण कार्यकर्ते" असं काहीतरी म्हणून माझं नाव. लोक हसले, टाळ्या वाजल्या. अण्णांनी फेटा बांधला. तो कपाळावर घसरत होता, तरी काढला नाही. मग अक्षता. मग पोरांनी पंगतीला ओढून नेलं. बुंदी, वांग्याची भाजी, भात. मी दोनदा बुंदी मागून घेतली. माळ डोक्यात आला होता का मध्ये? आला होता. जाऊ की, म्हणालो. बुंदी खाऊन जाऊ.

पंगतीत असतानाच माळावरचा एक पोरगा धावत आला. कौसाकाकूची सोनी ओढ्याच्या विहिरीत पडली, असं ओरडत.

ओढ्याची विहीर जुनी. माळाच्या पलीकडं, उतरायला निसटत्या दगडांच्या पायऱ्या, तळाला पुरुषभर हिरवं पाणी. कोणी ते प्यायचं नाही, नळाला पाणी नसलं की बायका वापरायला आणायच्या. पोरीनं नळाची वाट बघितली असणार. किती बघितली असेल? आई तापानं झोपलेली, रांगेत हंडे, सगळ्या वस्तीचं काम अंगावर, आणि नळ नुसता फुसफुसतोय. मग तिनं एक कळशी उचलली. हे मला कोणी सांगितलेलं नाही, कारण बघायला तिथं कोणी नव्हतंच. शेळ्या घेऊन निघालेल्या त्या पोराला नंतर पाण्यात कळशी दिसली, आणि तिच्याजवळ ओढणी.

मांडव उठला. सगळे पुरुष विहिरीकडं पळाले. चपला न घालता पळाले, खरकट्या हातानं पळाले. तिचा बाप सगळ्यांच्या पुढं.

मी टाकीकडं पळालो.

हेच सांगायचं होतं मला. एवढी पानं त्याच्यासाठीच चाललीत. फेट्याचं काय, बुंदीचं काय, पोरवय होतं, हुरळून गेलं पोरगं — असं तुम्हीच म्हणाल, मी सुद्धा म्हणत आलोय स्वतःला. पण सगळं गाव एका बाजूला पळत असताना मी दुसऱ्या बाजूला पळालो, ते हुरळून नव्हे. तेव्हा माझं डोकं इतकं स्वच्छ चालत होतं की पुढं आयुष्यात तसं कधी चाललं नाही. मला उत्तम पोहता यायचं. त्या विहिरीत मी उड्या मारलेल्या होत्या, तळाचा गाळ कुठं आहे ते ठाऊक होतं. माझ्या पायांनी क्षणभर सुद्धा तिकडं वळायचं मनात आणलं नाही. फेटा वाटेत सुटला, तो काखेत कोंबला. टाकीपाशी गेलो, गावाचा वॉल पुरता बंद केला. पाईपात गडगड झाली, पाणी माळाला लागलं. मी तिथं उभा राहून कान देऊन ऐकलं, आणि मला हायसं वाटलं. हो, हायसं वाटलं. तिकडं लोक विहिरीत उतरत होते आणि मला इकडं हायसं वाटलं.

मग मी माळावर गेलो. सोनीला वर काढलं होतं. मी बघितलं नाही, माणसांच्या मागं उभा राहिलो. काकूला बायकांनी धरून आणलं, तिची शुद्ध हरपत होती. कोणीतरी म्हणालं, पाणी मारा तिच्या तोंडावर. एक बाई नळाकडं गेली, तोटी फिरवली.

भसकन पाणी आलं. जोरात, पूर्ण धारेनं.

सगळे त्या नळाकडं बघायला लागले. मग रिकाम्या हंड्यांकडं. मग काकूकडं. मांडवातून धावत आलेल्या तिच्या सासूनं विचारलं, "पानी आलंया की गं. मग पोर हिरीवर कशाला गेली?" आणि काकू त्या धारेकडं बघत राहिली. मी तो चेहरा सांगू शकत नाही. ती म्हणाली, "माझा डोळा लागला हुता." नवरा तिच्या अंगावर धावून गेला, चौघांनी धरला त्याला.

संध्याकाळी चुलत्यांनी आणि दोघातिघा पंचांनी मला विचारलं, माळाला पाणी सोडलं होतं ना? मी म्हणालो, व्हय, दुपारीच वॉल उघडला होता. खरंच होतं ते, उघडला होता. आबाला दोघांनी खुर्चीवर बसवून आणलं होतं. त्यानं एकच विचारलं, "आधी गावाचा बंद केलता का?"

"व्हय."

त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मान हलवली. त्याला संशय आला होता का? मला वाटतं, आला होता. पण मेंबरचा पुतण्या मी, आणि समोर माळावरची एक बाई, जी स्वतःच म्हणत होती की डोळा लागला. कोणाला मांडवात जाऊन विचारावं वाटलं नाही, की दुपारभर तुमचा नळ चालू कसा होता. विचारलं असतं तर एका मिनिटात उघडा पडलो असतो. कोणी विचारलं नाही. जबाबदारी आणि वेळ पाळणं नाही शिकलो मी त्या उन्हाळ्यात. हे शिकलो. खोटं बोलायला अक्कल लागत नाही, नुसतं बऱ्या घरात जन्माला यावं लागतं.

शाळा सुरू झाली. आबाचा पाय बरा झाला, चावी त्याच्याकडं परत गेली. मी जामखेडला अकरावीला गेलो, मग नगरला आलो. आणि माळावर काय झालं? ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. पुढच्या हंगामाला काकूचा नवरा दुसरी बाई करून तोडीला गेला. धाकट्या दोघांना बरोबर नेलं. म्हणाला, हिच्यापाशी ठेवली तर ही पुन्हा झोपंल. वस्तीतल्या बायका वाईट नव्हत्या, पण पोरं झोपेतून उठेनात की म्हणायच्या, कौसीवानी झोपलाय बघा. मी ऐकलंय हे माझ्या कानांनी. ऐकून पुढं गेलोय.

पाण्याच्या पाळीच्या दिवशी ती आता पहाटेपासून नळापाशी बसते. कधीपासून बसायला लागली, मला ठाऊक नाही. आई फोनवर बोलताना सहज सांगते, कौसीचं डोकं फिरलंय, दुपारी पाणी येणार म्हटलं तरी उजाडायच्या आत नळावर, कोणी चहा दिला तरी घोट घेताना नळावरची नजर काढत नाही. माळावर घरोघर नळ आलेत आता. तरी ती त्या जुन्या नळापाशीच बसते आणि पाणी आलं की दारोदार जाऊन सांगते. लोक वैतागतात. मी फोनवर म्हणतो, हं. आणि दुसरं काहीतरी विचारतो.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. सोळा वर्षांचं पोर, घाबरलं, तोंडातून निघून गेलं — तुम्ही कदाचित माफ करून टाकाल. नका करू. अजून आहे.

काही वर्षांपूर्वी जत्रेला गावी गेलो होतो, बायको-मुलीला घेऊन. मुलगी माझी तेव्हा साधारण सोनीएवढी. देवळापाशी गाडी लावून रसवंतीवर बसलो होतो. मुलगी पाळण्यात बसायला आईबरोबर गेली होती. कौसाकाकू समोर आली. केस पार पांढरे, हातापायाच्या काड्या. मला वाटलं, आता ही विचारणार, आता सगळं बाहेर येणार. खरं सांगतो, मला वाटलं, येऊ दे एकदाचं.

ती माझ्याशेजारी बाकावर बसली. तुझी पोरगी का रं ती, म्हणाली, गोड हाय. मग खाली बघत म्हणाली, "लेकरा, एक इचारू? त्या दिशी पानी किती येळ चाललं हुतं?"

कळलं का तुम्हाला, ती काय विचारत होती? माझ्यावर संशय घेऊन नव्हती आली. तिला हिशेब लावायचा होता, आपण किती वेळ झोपलो त्याचा. पोर नळापाशी असताना पाणी आलं की गेल्यावर आलं. पोरीनं आपल्याला हाक मारली असेल का. एवढी वर्षं ती हेच उलगडत बसली होती, आणि गावात हे सांगू शकेल असा एकच माणूस होता. तो मी. म्हणून आली होती.

माझं वय तेव्हा पस्तिशीच्या पुढं. घर, धंदा, पोर. चुलते वारलेले. आबा वारलेला. कोणी माझं काही वाकडं करणार नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं — काकू, पाणी आलंच नव्हतं. तू जागी असतीस तरी आलं नसतं. एवढंच. तिची मान वर झाली असती.

मी म्हणालो, "लई येळ न्हवतं चाललं, काकू. उशिराच चढलं. सोनी गेल्यावरच आलं आसंल."

म्हणजे तिला दिलासा दिला मी. माझ्या खोट्यातून थोडं काढून तिला दिलासा दिला. वर म्हणालो, "ताप हुता तुमाला. तुमची काय चूक?" आणि ती बाई रडली. मला म्हणाली, इतक्या वर्सात आसं कुनी बोललं न्हाई. माझ्या तोंडावरून हात फिरवून तिनं कडाकडा बोटं मोडली. तुझ्या लेकीला औक्ष मिळू दे, म्हणाली. मी रस मागवला तिच्यासाठी. तिनं अर्धा पिला आणि पदरानं तोंड पुसून गेली.

माझी मुलगी पाळण्यातून उतरून आली. कोण होती ती आजी, म्हणाली. मी म्हणालो, गावातली आहे.

सोळाव्या वर्षी खोटं बोललो ते घाबरून. पस्तिशीत बोललो ते कशानं? स्वतःची किळस येते, असं लोक म्हणतात ना, म्हणायची पद्धत म्हणून — मला ती खरोखर येते, तोंडात चव येते तिची. तरी सकाळी उठून मी दाढी करतो, गाडी काढतो, शेजारच्या सीटवर बसून लोकांना ओरडतो. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. समोरच्याचं चुकलं की मी थांबवतो. लोक म्हणतात, सर असले की भीती वाटत नाही.

काकू अजून आहे. आईनं मागच्याच आठवड्यात सांगितलं, आता चालवत नाही तिला, पण पाळीच्या दिवशी काठी टेकत जातेच. नगरहून माझं गाव काही लांब नाही. सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला परत येईन. गाडी माझी आहे, सुट्टी माझी मला आहे. हे लिहायला घेतल्यापासून दोन रविवार गेले. मी गेलो नाही.

गावाचं नाव मी सांगितलं नाही. काकूचं आणि सोनीचं नाव बदललं, आबाचं बदललं. कोणी ओळखू नये म्हणून नीट काळजी घेतली. काकूला वाचता येत नाही. लिहायला बसलो तेव्हा हे मला माहीत होतं.